भरलेली गाडी लवकर का थांबत नाही?



या पानावर मी एरवी बेणेमळा, लागणीचा हंगाम, खोडवा, हुमणी अशा विषयांवर लिहितो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे. गटाच्या बैठकीत एका सभासदाने विचारलेला प्रश्न त्याला कारण झाला. त्यांचा स्वतःचा ट्रॅक्टर आहे, वाहतुकीचा करार आहे. ते म्हणाले, "साहेब, रिकामा ट्रॅक्टर ब्रेक दाबला की जाग्याला हुबा राहतोय. मागं दोन ट्रॉल्या भरून असल्या की ब्रेक त्योच, ड्रायव्हर त्योच, पण गाडी आपली पुढंच. मग बदलतंय काय?"

बैठकीत मी चार वाक्यांत उत्तर दिले आणि पुढचा विषय घेतला. पण घरी येताना वाटले की प्रश्न फार चांगला होता आणि आपण तो उडवून लावला. गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या रस्त्यांवर रात्रंदिवस हीच वाहने असतात. त्यांच्यावर आपलीच माणसे असतात, समोरून येणाराही आपल्यातलाच असतो. म्हणून आज ते उत्तर नीट, हिशेबासह लिहितो. गणित आहे, पण सातवीच्या पुढचे नाही.

सुरुवात एस.टी.पासून करू, कारण तो अनुभव सगळ्यांना आहे. गाडी सुटताना उभा माणूस मागे जातो, ब्रेक मारला की पुढे जातो. आपण म्हणतो, "ड्रायव्हरनं धक्का दिला." खरे पाहता ब्रेक मारताना गाडीने कोणाला पुढे ढकललेले नसते. गाडी थांबली, माणूस मात्र ज्या वेगाने चालला होता त्याच वेगाने चालत राहिला. पाय फरशीला धरून होते म्हणून पाय थांबले, वरचे अंग थांबले नाही. थांबलेली वस्तू थांबूनच राहू पाहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने, सरळ रेषेत चालतच राहू पाहते. वस्तूच्या या स्वभावाला शास्त्रात जडत्व म्हणतात. ज्याचे वस्तुमान जास्त, त्याचे जडत्व जास्त.

खोऱ्याचा किंवा कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की आपण काय करतो? अवजार उभे धरून दांड्याचे खालचे टोक दगडावर आपटतो. दांडा दगडावर थांबतो, वरचे लोखंड थांबत नाही, ते खाली सरकून दांड्यावर घट्ट बसते. न्यूटनचे नावही न ऐकलेला आपला आजा हे करत होता. चिंचेची फांदी हलवून चिंचा पाडणारे पोरही तेच करते. फांदी झटक्यात सरकते, चिंच जागेवर राहू पाहते, देठ तुटतो.

आता कोणी म्हणेल, "साहेब, चालती वस्तू चालत राहते म्हणता, पण आमचा अनुभव उलटा आहे. बैल थांबले की गाडी थांबते. ओढणं थांबलं की चालणंही थांबलं." ही शंका अगदी बरोबर आहे. ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल याचेही मत असेच होते, आणि जवळजवळ दोन हजार वर्षे शहाणी माणसे तेच धरून चालली. ओढणारा असेल तरच चालणे, हे डोळ्यांना दिसत होते ना!

इटलीतल्या गॅलिलिओने यातली चूक शोधली. त्याचे पुस्तक १६३८ साली छापले गेले. त्याचा विचार घरी परात घेऊन समजून घेता येतो. खोलगट परातीच्या एका काठावरून गोटी सोडा. ती तळाशी जाऊन समोरच्या काठाला जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत चढते. समोरचा चढ कमी केला तर तीच उंची गाठायला ती आणखी लांब जाते. आणखी कमी केला, आणखी लांब. मग समोर चढच नसेल, नुसते सपाट असेल तर? तिला थांबायला कारणच उरत नाही. वाटेत जे काही थांबवते ते घर्षण. पुढे १६८७ साली इंग्लंडच्या न्यूटनने आपल्या ग्रंथात हाच विचार गतीचा पहिला नियम म्हणून मांडला.

म्हणजे सपाट वाटेवर एका चालीने जाणारी गाडी बैल ओढतात ते गाडी 'चालण्यासाठी' नव्हे, घर्षण फेडण्यासाठी. घर्षण कमी तर ओढ कमी. लोखंडी धावेची चाके जाऊन टायरची गाडी आली तेव्हा तेच बैल जास्त ऊस ओढू लागले ते यामुळेच. आणि जिथे घर्षण जवळजवळ नाही तिथे काय होते त्याचे उदाहरण आकाशात आहे. अमेरिकेने १९७७ साली सोडलेले व्हॉयेजर-१ हे यान आजही तासाला साठ हजार कि. मी.हून जास्त वेगाने सूर्यापासून दूर चालले आहे. त्याला ढकलत नेणारे कोणतेही इंजिन चालू नाही.

गाडी हलवायची ओढ

चालती ठेवायला घर्षणापुरती ओढ लागते. पण थांबलेली गाडी वेगात आणायची असेल, चालती थांबवायची असेल, नाहीतर वळवायची असेल, तर वेगळा जोर लागतो. वेग किती झपाट्याने बदलतो त्याला त्वरण म्हणतात. लागणारा जोर म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. हा न्यूटनचा दुसरा नियम. पाठ करायची गरज नाही, गाडीवर लावून बघू.

समजा टायर गाडीत दोन टन ऊस आहे आणि गाडीचे वजन अर्धा टन. एकूण अडीच टन. चांगल्या डांबरी सपाट रस्त्यावर ती एका चालीने ओढायला साधारण ५० किलोची ओढ लागते. बैल आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी ओढ बराच वेळ देऊ शकतो. आठ-नऊशे किलोची जोडी असेल तर ८०-९० किलो. म्हणजे सपाट रस्त्यावर जोडीला ही गाडी पेलते.

आता तीच गाडी उभ्या अवस्थेतून ताशी ४ कि. मी. चालीला आणायची आहे. गाडीवानाने पाच सेकंद दिले तर घर्षणावर आणखी ५७ किलोची ओढ लागते. चाबूक ओढून दोन सेकंदांत चाल धरायला लावली तर ती १४० किलोवर जाते. गाडी तीच, बैल तेच, रस्ता तोच. फक्त तीन सेकंदांची घाई, आणि बैलांच्या खांद्यावर अडीचपट जादा भार. फडातून निघताना चाके मऊ रानात रुतलेली असतात, तिथे घर्षणच कितीतरी पट असते. त्यावर हा झटका बसला म्हणजे काय होते ते जू घासून सोललेल्या खांद्यांवर दिसते. जुने गाडीवान गाडी आधी थोडी डावी-उजवी हलवून, चाके मोकळी करून, मग "हं, चला" म्हणत सावकाश उचलायचे. त्यांना शिकवायला कोणी गेलं नव्हतं.

इथे एक चांगली गोष्ट सांगतो. इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ साली जुवाखाली बसणारे फिरते चाक तयार केले. त्यामुळे मानेवर वरून येणारा भार चाकावर जातो. त्याची चित्रे तेव्हा सगळीकडे फिरली आणि ते कौतुकाला पात्र आहेच. मात्र एक समजून घ्या. हे चाक वरचा भार घेते. गाडी सुरू करायची ओढ आणि उतारावर मागून येणारा रेटा हे मात्र बैलांनाच सोसावे लागतात. त्याला उपाय ब्रेक आणि सबुरी.

ओढ्याचा उतार

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कारखान्याच्या शेती खात्यात मी नवीन होतो. डिप्लोमा ताजा होता, मोटारसायकल नवी होती आणि अंगात घाई होती. डिसेंबरातली संध्याकाळ. यार्डात ऊस कमी पडला होता, 'नो केन' होऊन मिल थांबायची वेळ आली होती. वरून निरोप आला की असतील तेवढ्या गाड्या लवकर आणा. मी गाडीवाटेने सुटलो आणि दिसेल त्या गाडीवानाला "मामा, चला लवकर, थांबू नका" म्हणत गेलो.

एका ओढ्याच्या उताराआधी एक गाडी उभी होती. बीडकडचे वयस्कर गाडीवान. मागून येणाऱ्या गाडीची वाट बघत थांबलेले. रिवाज असा होता की उतारावर दोघे मिळून एकेक गाडी उतरवायची. एकाने बैलांपुढे कासरा धरून उभे राहायचे, दुसऱ्याने मागच्या बाजूला लाकूड-दगड घेऊन चाकाबरोबर चालायचे. त्यांच्या गाडीला ब्रेक होता, पण दोरी तुटकी होती. मी म्हणालो, "एवढ्याशा उताराला कशाला थांबता? काट्यावर रांग नाही, आत्ता गेलात तर लगेच खाली होईल." ते काही बोलले नाहीत. बायकोला खाली उतरवलं आणि गाडी हाकली.

मी ओढ्याच्या पलीकडून पाहिले. निम्म्या उतारापर्यंत बैल मागे रेटा देत, पाय रोवत उतरले. मग गाडीचा वेग वाढू लागला. डाव्या बैलाचे पुढचे गुडघे टेकले, गाडी त्याच्यावरून तिरकी होऊन कलंडली. बैलाचा पाय मोडला होता. तो उठला नाही. गाडीवानाला मुका मार लागला. मी जवळ गेलो तेव्हा ते बैलाच्या मानेवर हात ठेवून बसले होते. मला एवढंच म्हणाले, "साहेब, बैलानं पाय रवले व्हते. पर गाडीनं ऐकलं न्हाई."

उचल त्यांच्या अंगावर होती. बैल गेला, हंगाम अर्धा राहिला. कोणी मला दोष दिला नाही. मिल त्या रात्री थांबली की नाही तेही मला आता आठवत नाही.

हिशेब मी नंतर केला. तो उतार साधारण बारा फुटांला एक फूट असेल. अडीच टनांची गाडी अशा उतारावर दोनशे किलोहून जास्त जोराने खाली येऊ पाहते. घर्षणाचे पन्नास वजा केले तरी दीडशे-साठ किलोचा रेटा बैलांच्या मानेवर. हा नुसता वेग वाढू न देण्यासाठी. एकदा ताशी ६ कि. मी. वेग आला आणि दोन सेकंदांत थांबवायची म्हटली, तर आणखी २१० किलो. म्हणजे पावणेचारशे किलो. ८०-९० किलोच्या जोडीकडून आपण ते मागत होतो. म्हणून उतारावर वेग माथ्यावरच मारायचा असतो. खाली आल्यावर मारायचा म्हटले तर उताराचा रेटाही धरावा लागतो आणि साठलेला वेगही.

ट्रॅक्टरचा हिशेब

आता त्या सभासदाच्या प्रश्नाकडे येतो. रिकामा ट्रॅक्टर समजा तीन टनांचा. ब्रेक मागच्या चाकांना. ती चाके डांबरावर साधारण सव्वा टनाचा रोध देतात. तीन टनांना सव्वा टनाचा रोध म्हणजे भरपूर झाला. वेग सेकंदाला सुमारे १४ कि. मी.ने उतरतो. ताशी २० कि. मी. वेगाचा ट्रॅक्टर दीड सेकंदाच्या आत, चार मीटरवर उभा. जाग्याला हुबा, म्हणतात तसा.

आता मागे दोन ट्रॉल्या जोडा. ऊस २० टन, ट्रॉल्या ५ टन, ट्रॅक्टर ३ टन. एकूण २८ टन. ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नाहीत असे धरा. ब्रेक लागणार तो पुन्हा ट्रॅक्टरच्या त्याच दोन चाकांना. ट्रॉलीचे थोडे वजन त्यांच्यावर आले म्हणून रोध दीड टन धरू, सगळ्या टायरांचे घर्षण अर्धा टन. झाले दोन टन. अठ्ठावीस टनांना थांबवायला दोन टन! ब्रेक बिघडलेला नाही, ब्रेक तेवढाच आहे. थांबवायची वस्तू नऊपट झाली.

आता वेग सेकंदाला फक्त अडीच कि. मी.ने उतरतो. ताशी २० कि. मी. वेग मारायला आठ सेकंद लागतात. त्या आठ सेकंदांत सरासरी वेग १० कि. मी. धरला तर गाडी २२ मीटर पुढे जाते. ताशी ४० ने चालली असेल तर सोळा सेकंद, आणि सरासरी वेगही दुप्पट. म्हणून अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. ८८ मीटर. शिवाय समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर त्यात आणखी ११ मीटर. रिकाम्या ट्रॅक्टरची सवय लागलेला ड्रायव्हर डोळ्याने चार मीटरचा अंदाज घेतो आणि लागतात शंभर. आपल्याकडे ट्रॅक्टर समोरच्या गाडीत घुसला की लोक म्हणतात, "दारू प्यायला असेल." असेलही एखादा. पण न पिता, डोळे उघडे ठेवूनही हे होते, हे वरच्या आकड्यांवरून दिसेल.

आणि उतार लागला तर? वीस मीटरला एक मीटर असा उतार असेल, जो आपल्याकडच्या घाटाच्या मानाने काहीच नाही, तर २८ टनांची गाडी १.४ टन जोराने खाली ओढली जाते. दोन टनांच्या रोधातले उरले ०.६ टन. वेग सेकंदाला जेमतेम पाऊण कि. मी.ने उतरतो. २० च्या वेगाला जिथे २२ मीटर लागत होते तिथे आता ७० मीटरहून जास्त लागतात. चौदा मीटरला एक मीटर असा उतार असेल तर रोध आणि ओढ बरोबरीत येतात. मग ब्रेक दाबून धरला तरी गाडी त्याच वेगाने चालत राहते. थांबत नाही. त्यापेक्षा उतार तीव्र असेल तर ब्रेक दाबलेला असताना वेग वाढतो.

हे वाचून कोणाला खोटे वाटेल. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना वाटणार नाही.

डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. गिअरमध्ये असताना इंजिन स्वतः गाडीला मागे धरत असते. न्यूट्रल केले की तो आधार गेला, उरले ते दोन टन. वाचलेल्या डिझेलची किंमत ड्रायव्हरने नव्हे, मालकाने काढून बघावी.

भरलेला ट्रक मात्र याच वजनाचा असून लवकर थांबतो, याचे कारण त्याच्या प्रत्येक चाकाला ब्रेक आहे. वजन वाढले की चाकांची रस्त्यावरची पकडही त्याच प्रमाणात वाढते. अट एवढीच की त्या चाकाला ब्रेक पाहिजे. म्हणजे दोष वजनाचा एकट्याचा नाही. ट्रॉलीची आठ चाके नुसती फिरत असतात, कामाला येत नाहीत, हा दोष. ट्रॉलीला चालू ब्रेक असणे हा शोभेचा खर्च नव्हे हे यावरून ध्यानात यावे. पुन्हा ब्रेक फक्त ट्रॅक्टरला असला की मागच्या ट्रॉल्या त्याला रेटत राहतात. ट्रॅक्टर जरा तिरका असेल, रस्ता ओला असेल, तर ट्रॉली बाजूने येऊन ट्रॅक्टरला आडवा फिरवते.

वळण म्हणजेही वेग बदलणे

चालती वस्तू सरळ रेषेत चालू राहू पाहते, असे वर म्हटले. म्हणून वेग न वाढवता, न कमी करता नुसते वळायलाही जोर लागतो. याचे सगळ्यात चांगले उदाहरण आपल्या कारखान्यातच आहे. साखर वेगळी करणारे सेंट्रिफ्युगल यंत्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. जाळीच्या गोल पिंपात साखरेचे दाणे आणि मळी यांचे मिश्रण असते आणि पिंप गरगर फिरते. लोक म्हणतात, मळी बाहेर फेकली जाते. खरे तर मळी फक्त सरळ जाऊ पाहते. जाळी दाण्यांना अडवून फिरवत राहते, मळीला भोक सापडते आणि ती सरळ निघून जाते. १२०० मि. मी. व्यासाचे पिंप मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर कडेला साखरेच्या दाण्यावर त्याच्या वजनाच्या साडेसहाशे पटींहून जास्त जोर येतो. आपल्या चहातली साखर पांढरी दिसते त्यात जडत्वाचा वाटा आहे म्हणायला हरकत नाही.

ट्रॉली वळणावर तेच करते, फक्त तिला जाळी नसते. चाके रस्ता धरून वळतात, वरचा ऊस सरळ जाऊ पाहतो आणि ट्रॉली बाहेरच्या बाजूला कलते. वीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २० कि. मी. वेग असेल तर बाजूचा जोर वजनाच्या सहाव्या हिश्श्याइतका असतो, ३० वेग असेल तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. इथेही वेगाचा वर्ग लागतो. आणि ऊस जितका उंच रचलेला तितकी गाडी कलंडायला सोपी. कडेच्या साट्यावर चार फूट वर मोळ्या रचून एका खेपेत दोन टन जास्त नेले, आणि हंगामात एकदा ट्रॉली उसासकट ओढ्यात गेली, तर फायदा कुठला?

तोडणी टोळीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. ट्रॉली भरताना माणूस डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढतो. तेवढ्यात ड्रायव्हरने "जरा पुढं घेतो" म्हणून ट्रॅक्टर हातभर हलवला, की फळी आणि पाय पुढे जातात, मोळी आणि डोके जागेवर राहतात. तो माणूस, आणि बऱ्याचदा ती बाई, मागे पडते. तीन मीटरवरून पडलेला माणूस जमिनीला लागतो तेव्हा त्याचा वेग ताशी २७-२८ कि. मी. असतो. पाचटाच्या ढिगावर पडला तर तो वेग हातभर अंतरात मरतो. कडक बांधावर पडला तर दोन-तीन बोटांत, आणि जोर दहा-पंधरापट बसतो. ट्रॅक्टर हलवण्याआधी हाक द्यायला आणि "मोकळं" असं उत्तर ऐकायला दहा सेकंद लागतात.

रात्री रस्त्यात उभी राहिलेली ट्रॉली हा या गणिताचा दुसरा पैलू आहे. इथे ट्रॉली थांबलेली असते आणि न थांबणारा दुसराच कोणी असतो. ताशी ६० ने येणारी मोटारसायकल पाहण्यात एका सेकंदाला १७ मीटर खाते, मग चांगला ब्रेक लागला तर थांबायला २८ मीटर. झाले ४५. दिव्याच्या उजेडात मळकट उसाची पाठ तीस-चाळीस मीटरवर आल्यावर दिसते. उरलेल्या अंतरात काय होते ते मी लिहीत नाही. ट्रॉलीच्या मागचा लाल रिफ्लेक्टर शंभर मीटरवरून चमकतो. मात्र तो पुसलेला हवा, आणि वाढ्याखाली झाकलेला नको.

पाण्यालाही जडत्व असते

ज्यांच्याकडे बैलगाडीही नाही आणि ट्रॅक्टरही नाही, पण नदीवरून पाइपलाइन आहे, त्यांच्यासाठी शेवटचे. सहा इंची पाइप, लांबी एक कि. मी. भरलेल्या पाइपात साडेसतरा टन पाणी असते. म्हणजे एका ट्रॅक्टरच्या खेपेएवढे. ते माणसाच्या चालीने, सेकंदाला दीड मीटर, चाललेले असते. वरच्या टोकाला कोणी व्हॉल्व्ह एका झटक्यात बंद केला तर ही साडेसतरा टनांची भरलेली गाडी बंद दारावर जाऊन आदळते. पाइप ताडकन फुटतो आणि आपण पाइपवाल्याला शिव्या देतो. वीज अचानक गेली की चढावरचे पाणी आधी थबकते आणि मग उलटे खाली येऊन पंपाकडे आदळते. परत जाऊ न देणारा व्हॉल्व्ह चांगला असेल आणि हवेचे व्हॉल्व्ह गंजलेले नसतील तर धक्का निभावतो. वरचा व्हॉल्व्ह मात्र बंद करताना चाक सावकाश फिरवा, लांब पाइपलाइनला चांगला मिनिटभर वेळ द्या. बैलगाडीला पाच सेकंद द्यायचे तसेच हे.

हंगामाआधी सभासदांनी एक काम करावे अशी विनंती आहे. आपल्या शिवारातून कारखान्याकडे येणाऱ्या वाटेवर जिथे उतार आहे, ओढा आहे, अरुंद वळण आहे, अशी ठिकाणे गट ऑफिसात येऊन लिहून द्या. कोणत्या ठिकाणी पूर्वी गाडी कलंडली होती तेही सांगा. फलक कुठे लावायचे आणि बैलगाड्यांसाठी उताराला माणूस कुठे ठेवायचा हे त्यावरून ठरवता येईल. वाहतूक करार केलेल्या सभासदांनी ट्रॉलीचे ब्रेक जोडलेले आहेत की नुसते लोंबताहेत, ते पहिल्या खेपेआधी पाहून घ्यावे. आणि माझ्या खात्यातला कोणी पोरगा मोटारसायकलवरून येऊन "थांबू नका, लवकर चला" म्हणाला, तर त्याचे नाव मला कळवा.